बिनआवाजाची गाडी

"गाडीत साधारण कितीजण बसणार?" असं शोरूममधल्या कोगुरेनं विचारलं. प्रश्नात तसं अवघड काही नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच विचारत असणार आणि गिऱ्हाइकंही पटकन सांगत असणार, आम्ही दोघं, दोन मुलं, कधीमधी सासूबाई. मी फुमिएकडे पाहिलं. माझी बायको समोरच्या चहाच्या कपात काहीतरी पडल्यासारखी वाकून बघत होती. "दोघं," ती म्हणाली. "तिघं," मी म्हणालो. दोन्ही एकाच वेळी. कोगुरेचं पेन हवेतच थांबलं. मग तो मुरलेल्या विक्रेत्यासारखा हसला. "म्हणजे एरवी दोघं, आणि चिरंजीव घरी आले की तिघं! बरोबर ना?" चिरंजीव आहेत हे त्याला कुणी सांगितलं होतं? पण आमची अडचण त्यानं ओळखली, उत्तरही आपणच शोधून दिलं, आणि आम्ही दोघांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. कोगुरे आमच्या सोइचीच्याच वयाचा असेल. टायची गाठ नीट, नखं कापलेली, बोलताना जरासा पुढे वाकायचा. मला त्याचा राग आला. राग कसला, हेवाच तो. ह्याची आई सकाळी ह्याला हाका मारत असेल आणि हा कुरकुरत जिना उतरून खाली येत असेल. खाली येत असेल! एवढ्याशा गोष्टीचा कुणी हेवा करतं का? मी करतो.

सोइची वरच्या खोलीत गेला त्याला किती वर्षं झाली ते मोजायचं आम्ही केव्हाच सोडून दिलं. टोकियोत नोकरी लागली होती, तिथून एक दिवस बॅग घेऊन आला, आंघोळ केली, वर गेला, दार लावून घेतलं. थकला असेल म्हणून आम्ही जागं केलं नाही. दुसऱ्या दिवशीही थकलाच असेल म्हटलं. मग असं झालं की दार वाजवणं म्हणजे त्याला बोचणं, असं आमच्या दोघांच्या मनानं घेतलं. त्याच सुमारास शेजारच्या त्सुनोदाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "सोइची काय म्हणतो? टोकियोतच का?" आणि फुमिएच्या तोंडून "हो, हो, टोकियोतच," असं निघून गेलं. झालं! तेव्हापासून आमचा सोइची टोकियोत आहे. नववर्षाला त्याला सुटी मिळत नाही. कामाचा फार ताण असतो. त्सुनोदाबाई हळहळतात, त्याच्यासाठी मुळ्याचं लोणचं देतात, ते आम्ही थाळीत ठेवून जिन्याच्या वर नेऊन ठेवायचो. थाळी रिकामी होऊन बाहेर यायची. लोणचं त्याला आवडत असावं. आणि आमची जुनी गाडी म्हणजे सगळ्या गल्लीला वर्दी देणारी. किल्ली फिरवली की खोकायची, गुरगुरायची, मग समोरच्या घराचा पडदा हलायचा. मी कारखान्यात निघालो हे लोकांना कळायचंच, पण फुमिए आणि मी कधी अवेळी निघालो तर दुसऱ्या दिवशी बाई हमखास विचारायच्या, "काल कुठे दौरा?" अशा गाडीतून लपवलेल्या मुलाला न्यायचं म्हणजे बँड लावून वरात काढण्यासारखंच. म्हणून हायब्रिड, निम्मी विजेवर, आवाज न करता चालणारी. जगातले लोक ती आणखी कशाकशासाठी घेत असतील. मला फक्त एवढंच हवं होतं, की एखाद्या दिवशी त्याला यावंसं वाटलंच, तर तो गाडीत बसावा, गाडी निघावी, आणि आमच्या मायेबाशी गावातला एक पडदा हलू नये.

हे मी फुमिएला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. "तो येणार आहे का?" तिनं विचारलं. "नाही तसं, पण आलाच तर." "अहो, मग त्याला विचारा ना आधी." "तू विचार." "मी कशी विचारू?" ती म्हणाली आणि तोच वाडगा पुन्हा पुसायला लागली. शेवटी मी कोगुरेनं दिलेली तीन गाड्यांची तीन माहितीपत्रकं जेवणाच्या थाळीत, सूपच्या वाडग्याखाली घालून वर ठेवली. चिठ्ठी नाही, काही नाही. संध्याकाळी थाळी परत आली तर तीत दोनच होती. छोट्या दोन गाड्यांची. तिसरं, लांब पाठीच्या, काळ्या काचांच्या गाडीचं, आलं नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्यानं त्या दोन कागदांकडे पाहत राहिलो. "हरवलं असेल," फुमिए म्हणाली, पण आवाज चिरकला तिचा. हरवायला काय, खोली केवढी ती! कितीतरी दिवसांनी आमच्या मुलानं आम्हाला काहीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कोगुरेला फोन करून ती लांब गाडी पक्की केली. तो म्हणाला, "एरवी दोघांना जरा मोठी नाही होणार?" मी म्हटलं, "होऊ दे मोठी." कशी चालते, काय देते, एक प्रश्न विचारला नाही. त्यानं रंग विचारला. मी म्हटलं, लोकांच्या लक्षात राहणार नाही असा कोणताही.

गाडी ताब्यात घ्यायला पंचांगातला शुभ दिवस कोगुरेनंच काढला. शोरूममधली माणसं रांगेत उभी राहिली, फुमिएच्या हातात फुलांचा गुच्छ दिला, माझ्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, आणि गाडीपुढे फोटो काढला. "जरा जवळ या, जवळ या," कोगुरे म्हणत होता. आम्ही जवळ सरकलो. मग मी आत बसलो, बटण दाबलं आणि वाट पाहत राहिलो. "सुरू झाली की, मिनेगिशीसान!" कोगुरे खिडकीतून म्हणाला. "झाली?" "केव्हाच!" काहीच नव्हतं. समोर दिवे लागले होते, बस्स. मी पाय उचलला तशी ती आपोआप पुढे सरकली. घरी येईपर्यंत मी तिसऱ्या माणसासारखा स्वतःला गाडी चालवताना पाहत होतो. गल्लीत वळलो. एकही पडदा हलला नाही. फुमिए म्हणाली, "चांगली आहे." घरापुढे लावली, मागची काळी काच फडक्यानं पुसली आणि वर पाहिलं. सोइचीच्या खोलीचा पडदा नेहमीसारखाच बंद होता. पाहिली असेल का त्यानं? आठवडाभर मी कारखान्यात जाताना आणि आल्यावर उगाच ती गाडी पुसली. आपल्याला नवरीमुलीच्या बापासारखं ताटकळत उभं राहावं लागतंय असं वाटायचं, आणि लाजही वाटायची.

मग एक दिवस सकाळी कारखान्यात जायला निघालो, दार उघडून बसलो, पट्टा लावला, आणि मागे कुणीतरी आहे हे मला कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही. वासानं कदाचित. आमच्याच घरातल्या साबणाचा वास, पण बंद खोलीतला. मागे वळून बघायला हवं होतं, कुठलाही बाप वळून बघेल. पण मी काय केलं, तर हात वर करून आरसा छताकडे फिरवून टाकला. त्याला असं नको वाटायला की मी टक लावून बघतोय. आता मला फक्त गाडीचं छत दिसत होतं. मी गाडी काढली. त्सुनोदाबाई पायरी झाडत होत्या, त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही वाकलो. कारखान्याच्या वळणावर मी वळलो नाही. तिथे मी खोक्यांचा हिशेब ठेवतो, आणि माझ्याच हाताखाली शिकलेला माणूस आता माझा साहेब आहे, तो घड्याळात बघत असणार. बघू दे. पुढे नदी आली, पूल आला, समोर आकागी डोंगर नुकत्या पडलेल्या बर्फानं डोक्यावर पांढरा. मला ओरडावंसं वाटत होतं, 'सोइची, बघ, डोंगर बघ!' ओठ घट्ट मिटून घेतले. बोललो आणि बिनसलं तर? लहानपणी निइगाताच्या समुद्रावरून परतताना तो असाच मागे असायचा, अंगाला वाळू, ओला टॉवेल, तोंड उघडं टाकून झोपलेला. घरी आल्यावर मी त्याला उचलून आत न्यायचो. तो झोपलेला नसायचा. डोळे मिटलेले असायचे, पण मानेला ताठपणा असायचा, हसू दाबल्याचा. ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही. असं कितीतरी वेळा झालं आणि आम्ही एकमेकांना कधीच उघडं पाडलं नाही. आता वाटतं, तिथेच आम्हाला ही सवय लागली की काय.

चालती गाडी ठीक होती. चाकांचा, वाऱ्याचा थोडा तरी आवाज असतो. पण पहिला सिग्नल लागला आणि गाडी थांबली, तशी ती मेल्यासारखी गप्प झाली. एवढी शांतता मी जन्मात ऐकलेली नाही. जुनी गाडी अशा वेळी घुर्र घुर्र करत राहायची, माणसाला वाटायचं की काहीतरी चाललं आहे, आपण नाही बोललो तरी चालेल. इथे माझी गिळलेली थुंकी मला ऐकू आली. त्याचा श्वास ऐकू आला. नाकातून, जरासा अडकणारा. सर्दी झाली असेल का? औषध घेतो का हा? कुणाकडून? रेडिओ लावावा तर ते म्हणजे त्याचा श्वास नको झालाय असं व्हायचं. तांबडा दिवा बदलेना. मी स्टिअरिंग इतकं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली. शेवटी तोंडातून निघून गेलं, "गारठतोयस का?" मग मागून, मला अनोळखी असलेल्या जाड पुरुषी आवाजात, "नाही, बाबा." दिवा हिरवा झाला. मागच्यानं भोंगा दिला तरी मी तिथेच. डोळ्यांत पाणी आलं होतं, दुसरं काय! आवाज बदलला होता त्याचा. 'बाबा' ही हाक मात्र तीच होती.

दुपारपर्यंत हिंडलो. वाटेत मी भाजलेले मांजू घेतले, काडीला टोचलेले पिठाचे गोळे, वरून गोड मिसो, म्हणजे सोयाबीनची चटणी लावलेले, एक काडी मागे न बघता हात वळवून धरली. हातातून ती अलगद घेतली गेली. घरी आल्यावर गाडी लावली आणि वाट पाहिली. तो उतरेना. आपण बसून राहिलो तर त्याला उतरायचा संकोच होईल, म्हणून मी उतरलो, किल्ली तिथेच ठेवली आणि घरात गेलो. फुमिए दाराआड उभी होती, तोंडावर हात. तिनं वरची खोली उघडी पाहिली होती. "आत कधी येईल?" "येईल. घाई करू नकोस." संध्याकाळ झाली. तो आला नाही. फुमिएनं थाळी केली, जिन्यापाशी गेली, थबकली, परत फिरली आणि चपला घालून बाहेर गाडीकडे गेली. मागचं दार बोटभर उघडलं, थाळी आत गेली, दार मिटलं. तिथपासून तो गाडीतच आहे.

हसू नका. आम्हीही पहिल्या दिवशी हसलो, घाबरून हसलो, आणि मग आम्हाला सवय झाली. मी बसनं कारखान्यात जातो. फुमिए सकाळी आणि संध्याकाळी मुद्दाम फिरायला जाते, तेवढ्यात तो घरात येऊन आंघोळबिंघोळ उरकतो. आम्ही परतताना लांबून खोकतो. न्हाणीघरात ओला टॉवेल नीट घडी घालून ठेवलेला असतो, तो पाहून फुमिएचा जीव भरून येतो. जिना चढून तो वर मात्र गेलेला नाही. वरची खोली तिनं झाडली, खिडक्या उघडल्या, गादी उन्हात घातली. "बाहेर तर आलाय ना," ती म्हणते. "आलाय," मी म्हणतो. खरंच आलाय. अंगणात आलाय. एका संध्याकाळी त्सुनोदाबाई गल्लीत घरोघर सही करून पुढे द्यायची फिरती सूचनापाटी घेऊन आल्या आणि थेट गाडीला टेकून उभ्या राहिल्या. "किती शांत हो ही! तुम्ही कधी येता-जाता पत्ताच लागत नाही." त्यांनी काळ्या काचेवर बोटानं टकटक केली. माझं धाबं दणाणलं. "जाड आहे काच. आतलं काही दिसत नाही, नाही का?" "नाही दिसत," मी म्हणालो. "सोइची आला की खूश होईल. त्याला म्हणावं, काकूला एक चक्कर मारून आण." मी हसलो. काचेपलीकडे वीतभर अंतरावर तो हे ऐकत होता, आणि त्या वेळी मला आपल्या मुलाची नाही, आपलीच इतकी कीव आली की सूचनापाटी उलटी धरून मी सही केली.

मी मूर्ख आहे, आशा धरून बसलो. मनाशी हिशेब असा, की पेट्रोल संपेल. संपत आलं की गाडी पंपावर न्यावीच लागेल, आणि न्यायची म्हणजे तो मागे असणार, मी पुढे. दर खेपेला एक दोन शब्द तरी होतील. 'गारठतोयस का' पासून सुरुवात झालीच होती. थंडी वाढली, आकागीवरून कोरडं वारं सुटलं, मला वाटलं आता हीटर लागेल, इंजिन चालेल, टाकी खाली येईल. पण हीटर लावला की इंजिन मधूनच जागं होऊन घरघरतं, आणि शेजाऱ्यांना त्याचा त्रास होईल म्हणून आमचा मुलगा हीटर लावतच नाही! आईकडून जाड गोधडी मागून घेतली त्यानं. मागितली म्हणजे, थाळीत एक हातमोजा ठेवला. ते फुमिएला बरोबर कळलं. माझ्या पोटचाच तो, आणखी कसा वागणार? मी न राहवून एकदा बसनं शोरूममध्ये गेलो. कोगुरेला म्हटलं, "पेट्रोल जरा लवकर संपेल असं काही करता येतं का हिला?" तो आधी हसला. मग माझा चेहरा पाहून हसू आवरलं. "मिनेगिशीसान, लोक उलट विचारतात. गाडीत काही दोष आहे का?" "छे, दोष कसला. फार कमी पिते, एवढंच." "धन्यवाद!" असं म्हणून तो कमरेत वाकला. त्याला काय सांगणार, कपाळ?

परवा त्याचाच फोन आला. पहिल्या महिन्याची मोफत तपासणी राहिली आहे, गाडी आणाच. मी चाचरत विचारलं, आत माणूस बसलेला असला तर चालेल का? "तपासताना नाही चालणार, गाडी वर उचलावी लागते. पण एवढा वेळ आपण सगळ्यांनी आत बसून कॉफी घेऊ ना! चिरंजीव आलेत की काय?" मी फोन ठेवला आणि फुमिएला सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. "अहो, मग हेच! त्याला उतरावंच लागेल. तिथे कुणी ओळखीचं नाही. तो मुलगा किती आदबशीर आहे, कॉफी देईल, चार शब्द बोलेल. तुम्ही सांगा त्याला. आत्ता सांगा. मी नाही, तुम्ही." तिनं मला अक्षरशः दारातून बाहेर ढकललं. इतक्या वर्षांत एकदाही आम्ही त्याला 'बाहेर ये' म्हटलं नव्हतं. आता म्हणायला कारणही मिळालं होतं, तेही आमचं नाही, कंपनीच्या नियमाचं. यात कुणाला बोचायचं काही नव्हतं. मी गाडीपाशी गेलो आणि मागच्या काचेवर वाजवलं. "सोइची," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "गाडी तपासायला न्यायची आहे. रविवारी. ते म्हणतात, वर उचलायची असते."

काच दोन बोटं खाली आली. आतून गोधडीचा उबट वास आला आणि अंधारात त्याच्या कपाळाचा एक तुकडा दिसला, केस वाढलेले, आणि फुमिएच्यासारखी भुवई. किती दिवसांनी मी त्याचं काही पाहत होतो. मग अगदी समजूतदारपणे, मला त्रास पडू नये म्हणून जपून म्हणाला, "बरं. मग मी आत्ताच उतरतो, बाबा. वर जातो. तुम्ही आरामात न्या गाडी." आणि दाराचा खटका वाजला. दार हलायला लागलं. मागे पायरीवर फुमिएनं श्वास रोखलेला मला कळत होता. वर तिनं उघडी ठेवलेली खिडकी, उन्हात घातलेली गादी, नव्यानं तेल दिलेली दाराची कडी, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि वरचं ते दार पुन्हा लागलं तर परत उघडायचं नाही, अशी मला मरणाची भीती वाटली. दोन्ही हातांनी मी ते दार बाहेरून दाबून धरलं.

"नको," मी म्हणालो, "आतच बस."